जिन्यावर तीन आठवडे पडून राहिलेली बॅग: एका सिटकॉम भागाची उकल

प्रकरण

नवरा-बायको दोन दिवसांची सहल आटोपून घरी येतात. दोघंही दमलेले. बॅग जिन्याच्या मधल्या टप्प्यावर टेकवली जाते आणि तीन आठवडे झाले तरी तिथून हलत नाही. ती वर नेऊन ठेवायला फार तर अर्धं मिनिट लागेल. पण त्याला वाटतं हे काम तिचं, तिला वाटतं या वेळी त्याने करावं, आणि दोघंही ते बोलून दाखवत नाहीत.

'एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड' या अमेरिकी सिटकॉमच्या, म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेच्या, सातव्या सीझनमधला 'बॅगेज' हा भाग एवढ्याशा भांडवलावर उभा आहे. टकर कॉली यांनी लिहिलेला हा भाग मे २००३ मध्ये सीबीएस वाहिनीवर दाखवला गेला. विनोदी मालिकेच्या लेखनाचा त्या वर्षीचा एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार कॉली यांना याच भागासाठी मिळाला, आणि सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमीही त्याच वर्षी या मालिकेकडे गेला.

कौटुंबिक सिटकॉमच्या 'सर्वोत्तम भागां'च्या याद्या निघतात तेव्हा मोठे प्रसंग पुढे येतात: लग्न, बाळाचा जन्म, परदेशवारी. या मालिकेतही २००० साली सगळं कुटुंब इटलीला गेलं होतं. पण लेखन शिकायचं असेल तर बॅगेचा भाग जास्त कामाचा, कारण इथे लेखकाच्या मदतीला काहीच येत नाही. नवी जागा नाही, पाहुणा नट नाही, कथेत बाहेरून कोसळणारं संकट नाही. जे हसू येतं ते मांडणीतून आणि पाच पात्रांच्या ओळखीतूनच येतं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ ते २००५, नऊ सीझन, २१० भाग. निर्माते-लेखक फिलिप रोझेन्थाल. मूळ मसाला विनोदवीर रे रोमानो यांच्या मंचावरच्या कार्यक्रमांतला, म्हणजे त्यांच्याच कुटुंबावरचा. रे बॅरोन (रोमानो) हा 'न्यूजडे' या वृत्तपत्राचा क्रीडा-पत्रकार. बायको डेब्रा (पॅट्रिशिया हीटन) आणि तीन मुलांसह तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लिनब्रुकमध्ये राहतो. समोरच्याच घरात त्याचे आईवडील, मारी (डोरिस रॉबर्ट्स) आणि फ्रँक (पीटर बॉइल). भाऊ रॉबर्ट (ब्रॅड गॅरेट) पोलिसात. आईवडील दार न वाजवता कधीही आत येतात आणि मालिकेचं निम्मं इंजिन त्यावर चालतं.

लेखकापुढची खरी अडचण

नाटकात कुणीतरी काहीतरी करतं आणि त्यातून पुढचं घडतं. इथे मात्र काही न करणं हाच दोघांचा डाव आहे. जो आधी हलेल तो हरला. म्हणजे पात्रं आपल्या हट्टाशी जितकी प्रामाणिक राहतील तितका रंगमंच थंड पडणार. बावीस मिनिटं प्रेक्षक एका बॅगेकडे आणि दोन आडमुठ्या माणसांकडे बघत बसतील.

दुसरी अडचण त्याहून चिवट आहे. प्रश्नाचं उत्तर प्रत्येक क्षणी हाताशी आहे. कुणीही उठून बॅग उचलू शकतं. हरवलेल्या अंगठीच्या गोष्टीत अंगठी सापडेपर्यंत गोष्ट आपोआप चालू राहते. इथे दर मिनिटाला प्रेक्षकाच्या मनात येणार, 'अरे, उचला की आता!' त्यामुळे प्रत्येक प्रसंगात लेखकाला नवं कारण द्यावं लागतं की आत्ता, या क्षणी, का नाही. पहिल्या दिवशी कारण थकवा असतो. तिसऱ्या दिवशी ते चालत नाही, तिथे 'मागच्या वेळी मीच नेली होती' हवं. दुसऱ्या आठवड्यात 'आता नेली तर आजवर आपण मुद्दाम नेत नव्हतो हे उघड होईल' एवढं पुरतं. कारणांची ही शिडी नीट रचली नाही तर पात्रं हट्टी न वाटता बिनडोक वाटू लागतात, आणि बिनडोक माणसांच्या संसारात प्रेक्षक जीव गुंतवत नाही.

तिसरी गोष्ट तोलाची. एकाचं चूक आणि दुसऱ्याचं बरोबर असं झालं की गोष्ट खटल्यासारखी होते आणि निकाल लागला की संपते. दोघांचंही थोडं बरोबर, दोघंही सारखेच मूर्ख, हे शेवटपर्यंत टिकवावं लागतं. घरातली बहुतेक कामं डेब्राच ओढते, म्हणून सहानुभूतीचं पारडं पहिल्या पानापासून तिच्याकडे झुकलेलं असतं. तिच्या हट्टात खुमखुमी ठेवली तरच तोल सावरतो. ती सोशिक झाली की भाग गेला.

ही बॅग आली कुठून

ती कॉली यांच्याच घरातली होती. ते आणि त्यांची पत्नी प्रवासाहून परतले, बॅग जिन्यापाशी राहिली आणि पुढे कित्येक दिवस कुणीच ती उचलली नाही. लेखकांच्या खोलीत, म्हणजे मालिकेचे सगळे लेखक एकत्र बसून गोष्टी रचतात तिथे, हे सांगताच ती एका भागाची कल्पना ठरली.

हा योगायोग नव्हता. रोझेन्थाल यांची कामाची रीतच तशी होती: लेखकांनी वेळेवर घरी जावं, घरच्यांशी भांडावं आणि दुसऱ्या दिवशी येऊन ते सांगावं. विनोदी मालिकांच्या खोल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत बसण्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण रात्रंदिवस खोलीत बसणाऱ्या लेखकाकडे दुसऱ्या मालिका सोडून लिहायला काही उरत नाही. त्यांची दुसरी कसोटी, 'हे खरंच घडू शकेल का?' तिसरा नियम, ताज्या बातम्यांवरचे विनोद टाळायचे, म्हणजे पुनःप्रक्षेपणात भाग शिळा होत नाही. बॅगेचा भाग आज पाहिला तरी ठिगळ दिसत नाही, त्याचं श्रेय बरंचसं या तिसऱ्या नियमाला.

मात्र घरी घडलेला प्रसंग म्हणजे तयार भाग नव्हे. नवखे लेखक इथेच फसतात. 'पण हे खरं घडलंय' हा बचाव खोलीत चालत नाही. अशा प्रसंगाचे दोन रकाने करून बघावेत. एका रकान्यात आयुष्याने फुकट दिलेलं: वस्तू, ठिकाण, लोटलेले दिवस, दोघांचं मौन. दुसऱ्यात आयुष्याने न दिलेलं: चढत जाणारी पायरी, बाहेरचा माणूस, शेवट. खऱ्या घरात अशी भांडणं संपत नाहीत, विरून जातात. पाहुणे येणार असतात, कुणीतरी चरफडत बॅग उचलतं, संपलं. त्यात शेवट नसतो. 'बॅगेज'मध्ये चीज, आईचा किस्सा आणि जिन्यावरची झटापट ही दुसऱ्या रकान्यातली कमाई आहे.

वस्तू कुठे ठेवायची

बॅग जिन्याच्या टप्प्यावर आहे. या एका निर्णयाने अर्धा भाग लिहून टाकला आहे.

हीच बॅग झोपण्याच्या खोलीत कोपऱ्यात ठेवून बघा. ती फक्त दोघांना दिसेल, सासू-सासऱ्यांना तिच्याबद्दल कळणारच नाही, आणि ती दिसावी म्हणून दर वेळी खोलीचा सेट लावावा लागेल. पुढच्या दारात ठेवली तर ती सगळ्यांच्याच पायात येईल आणि फ्रँक पहिल्याच फेरीत लाथेने बाजूला करील, म्हणजे गोष्ट तिसऱ्या मिनिटाला खलास. गाडीच्या डिकीत ठेवली तर विसरता येईल. विसरता आलं की हट्ट उरत नाही, आळस उरतो. आळसावर एखादा विनोद होतो, बावीस मिनिटं होत नाहीत.

जिन्याचा टप्पा या सगळ्यांच्या मधोमध बसतो. दिवसातून दहा वेळा तिथून जावं लागतं, म्हणजे दहा वेळा बॅग न उचलण्याचा निर्णय घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी अंग चोरून, पाय वर करून किंवा भिंतीला घासत जावं लागतं. काही न करण्याला इथे शरीर मिळालं. मंच थंड पडण्याची जी अडचण वर आली, तिचं उत्तर संवादात नाही, या जागेत आहे.

शिवाय जिना दिवाणखान्यातूनच दिसतो. ही मालिका प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित व्हायची. अशा मालिकेत सेट एका ओळीत, प्रेक्षकांकडे तोंड करून मांडलेले असतात आणि सहसा चार कॅमेरे समोरून एकाच वेळी चालतात. त्यामुळे सोफ्यावर दोघं गोड बोलत असताना मागे बॅग दिसत राहते आणि तिच्याबद्दल एक अक्षर उच्चारावं लागत नाही. एका कॅमेऱ्याच्या मालिकेत त्यासाठी मुद्दाम तिच्यावर कट करावा लागला असता. असा कट म्हणजे लेखकाने प्रेक्षकाला कोपराने ढोसणं.

वस्तूच्या निवडीचंही तसंच. बॅग इतकी जड हवी की ती नेणं हे 'काम' वाटावं, आणि इतकी हलकी हवी की न नेण्याला सबब नसावी. सामान म्हणून ती दोघांची आहे, एकट्या कुणाची नाही. त्याचे बूट किंवा तिची पर्स असती तर वाद जागच्या जागी मिटला असता. सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्या विभागासाठी एक सूचना: रिकामी बॅग सेटवर कधी देऊ नये. नट कितीही चांगला असला तरी रिकामी बॅग हातात खोटी हलते आणि ते मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतं. आत कपडे भरावेत आणि झटापटीच्या प्रसंगासाठी तशीच दुसरी बॅग तयार ठेवावी. त्या दुसरीची मूठ आणि कडी आतून पक्की केलेली असावी. जिन्यावर ओढाओढी करताना मूठ हातात आली तर नटाला इजा होते आणि शॉटही जातो.

तोंड उघडलं की गोष्ट संपली

या भागाचा कणा म्हणजे एकाच विषयापुरता धरलेला अबोला. बाकी सगळं बोलणं चालू आहे. मुलं, जेवण, काम, सगळं. फक्त बॅगेचं नाव निघत नाही. हा नियम पहिल्या अंकात मोडला तर काय होतं ते पाहा:

'बॅग वर का नाही नेलीस?'
'तू का नाही नेलीस?'
'मला वाटलं तू नेशील.'
'बरं, मी नेते.'

चार ओळी आणि खेळ खलास. भांडण झालं तरी ते उघड भांडण. त्यात दोघांनाही समोरच्याच्या मनात काय आहे ते कळतं. अबोल्यात मात्र प्रत्येकाला समोरच्याचं मन वाचावं लागतं आणि दोघंही ते चुकीचं वाचतात. विनोद त्या चुकीत आहे.

पण पात्रं गप्प बसली तर प्रेक्षकाला कळणार कसं? उत्तर जुनंच आहे: तिसऱ्या माणसाला सांगायचं. रस्त्यापलीकडचं घर इथे कामी येतं. नवऱ्याला जे बायकोशी बोलता येत नाही ते तो तिथे बोलतो, आणि सल्ला देणारा प्रत्येक जण आपल्याच संसाराचा चष्मा लावून सल्ला देतो. एक काळजी घ्यावी लागते. या प्रसंगात पात्राने 'मला राग आलाय' असं सांगू नये, पुरावे मांडावेत. मागच्या वेळी कोण काय म्हणालं, कुणी कुठे पाहिलं, कुणी बॅगेला वळसा घालताना मुद्दाम उसासा टाकला. पुराव्यात हसू आहे. भावनेच्या कबुलीत नुसती माहिती असते.

तीन आठवडे गेले हे दाखवायची पद्धतही शिकण्यासारखी. सलग वाढत जाणारा वैताग दाखवायचा मोह होतो, पण त्यासाठी दोन-तीन छोटे प्रसंग खर्ची पडतात आणि प्रत्येकाचा आशय तोच राहतो. एकदम उडी घेतली की प्रेक्षक पहिल्यांदा चकित होतो, मग मधले आठवडे स्वतःच्या घरातून भरून काढतो. ते काम त्याच्यावर सोपवलेलं बरं, तो ते लेखकापेक्षा चांगलं करतो.

चीज

उत्तरार्धात गोष्टीला नवा धक्का हवा असतो आणि तो नियम न मोडता द्यायचा असतो: बॅग उचलायची नाही, तिच्याबद्दल बोलायचंही नाही. मग रेला सुचतं ते असं: बॅगेत चीज ठेवायचं. चीज कुजेल, वास सुटेल, आणि डेब्राला बॅग हलवावीच लागेल.

या कल्पनेत तीन गोष्टी एकदम साधल्या आहेत. पहिली म्हणजे ही अखेर कृती आहे, पण तीही न हलण्याच्याच बाजूने केलेली. दुसरी, बॅग वर नेण्यापेक्षा तिच्यात चीज लपवायला जास्त कष्ट पडतात आणि कपडे पुन्हा धुवावे लागतील ते वेगळंच. हट्टापायी माणूस मूळ कामाच्या दुप्पट काम अंगावर घेतो, हे एका वस्तूत दिसलं. तिसरी, योजना अगदी रेच्या स्वभावाची आहे. तो समोरासमोर लढणाऱ्यातला नाही. आईपासून बायकोपर्यंत प्रत्येकाशी तो आडवळणानेच वागतो. हेच चीज रॉबर्टने ठेवलं असतं तर पटलं नसतं.

वास पडद्यावरून येत नाही, हे मात्र लक्षात ठेवून लिहावं लागतं. वास लिहायचा म्हणजे नाकं आणि चेहरे लिहायचे. पटकथेत 'घाणेरडा वास येतो' असं लिहून भागत नाही. कोण कुठल्या शब्दावर थांबतं, कोण आधी दुसऱ्याकडे संशयाने बघतं, कोण खिडकी उघडायला उठतं, ते लिहावं. अशा प्रसंगात लेखकासमोर दोन वाटा असतात. चीज ठेवताना प्रेक्षकाला आधी दाखवलं तर पुढच्या प्रसंगात पकडला जाण्याचा ताण मिळतो आणि हशा लांबतो. आधी दाखवलं नाही तर सापडण्याच्या क्षणी एकच मोठा स्फोट मिळतो. दोन्ही मिळत नाहीत. चीजसारखी कल्पना शब्दांतच मजेशीर असेल, नुसतं 'बॅगेत चीज' म्हटलं तरी हसू येत असेल, तर ती कुणाच्या तरी तोंडून, शक्यतो संतापलेल्या तोंडून, प्रश्नाच्या रूपात बाहेर पडावी.

चीजनंतर एक खड्डा येतो आणि बऱ्याच संहिता त्यात पडतात. एका बाजूने हद्द ओलांडली की तोल गेला: आता रेची चूक स्पष्ट आहे, डेब्रा जिंकली, गोष्ट इथेच मिटायला हवी. पुढे जायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, डेब्राने चिडून तरी, नाक मुरडून तरी बॅग तिथेच ठेवायला हवी. दोन, या दोघांच्या बाहेरचं कुणीतरी येऊन प्रश्नाचं मोजमाप बदलायला हवं.

काटा आणि चमचा

ते कुणीतरी म्हणजे मारी. पूर्ण भागातली ही सर्वांत धाडसी निवड. या मालिकेत मारी म्हणजे भांडण लावणारी बाई. सुनेच्या स्वयंपाकावर, घरावर, मुलांवर तिचा शेरा ठरलेला. समजुतीचं बोलणं तिच्या तोंडी घातलं की प्रेक्षक आधी सावध होतो, यात काहीतरी काळंबेरं असणार म्हणून. आणि तसं काही निघत नाही तेव्हा तो खरोखर ऐकायला लागतो.

मारीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर शोभेचे भले मोठे काटा-चमचा टांगलेले आहेत. सेट सजवणाऱ्यांनी लावलेली ही वस्तू आधीच्या सीझनमध्येही मागे दिसत आलेली. या भागात कळतं की त्या काटा-चमच्यावरून एके काळी मारी आणि फ्रँक यांच्यात अशीच जुंपली होती. मग ती जे सांगते त्याचा आशय असा: चीजने भरलेली बॅग तुमचे मोठे काटा-चमचा होऊ देऊ नका.

या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. सूर पूर्ण गंभीर, आईच्या मायेचा. नामं मात्र तिन्ही हास्यास्पद: चीज, बॅग, काटा-चमचा. नटीने सुरात जरा जरी मिश्कीलपणा मिसळला तर वाक्य पडेल. आणि भागाबाहेर, संदर्भाशिवाय वाचलं तर त्याला काही अर्थच नाही. आधीच्या पंधरा-सोळा मिनिटांनी प्रत्येक शब्दात अर्थ भरून ठेवला, म्हणून ते चालतं. सुटं उचलून सांगता येणारे विनोद कुठल्याही मालिकेत बसतात. उचलता न येणारे त्या एका भागाचेच असतात.

लेखकांनी घ्यायचा कामाचा धडा साधा आहे: कल्पना शोधताना सेटवर चक्कर मारावी. भिंतीवर, फ्रिजवर, कपाटावर वर्षानुवर्षं दिसत आलेलं, पण कुणी नाव न घेतलेलं काही आहे का ते बघावं. नवी वस्तू आणून 'ही आमची जुनी' म्हटलं तर प्रेक्षक ऐकून घेतो. डोळ्यांसमोरचीच वस्तू दाखवली तर त्याला स्वतःच्या आठवणीत पुरावा सापडतो. आणि असा जुना किस्सा थोडक्यात आटपावा. काटा-चमच्याचं भांडण नेमकं किती दिवस चाललं, कोण काय बोललं, हे मागून दाखवायला गेलं तर एक भाग थांबून दुसरा सुरू होतो.

शेवट: हट्ट तोच, दिशा उलटी

समजावणीनंतर सोपा शेवट म्हणजे एकाने बॅग उचलणं, दुसऱ्याने मिठी मारणं, स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा 'ओ' असा सुस्कारा. सिटकॉममध्ये असा शेवट हजारदा लिहिला गेलाय आणि दर वेळी एकच नुकसान होतं: पात्रं सुधारतात. सुधारलेली पात्रं पुढच्या आठवड्यात भांडणार कशी?

'बॅगेज'मध्ये दोघांनाही शहाणपण सुचतं, पण एकाच वेळी. आता प्रत्येकाला बॅग स्वतः वर न्यायची आहे, कारण नेणारा तो मनाचा मोठा. मग जिन्यावर ओढाताण सुरू होते: मी नेतो, नाही मी नेते. तीन आठवडे जी बॅग कुणाला नको होती तीच आता दोघांना हवी.

कथेची दिशा एकशे ऐंशी अंशांत फिरली आणि स्वभाव तसूभरही हलला नाही. आधी 'मी नमणार नाही' हा ताठा होता, आता 'मीच नमणार' हाही ताठाच. प्रश्न सुटला, माणसं तशीच राहिली, आणि मालिकेला पुढच्या सोमवारी हीच माणसं परत हवी होती. शिवाय चीज ठेवणं सोडलं तर पूर्ण भाग दोघं बॅगेला हात न लावता वावरली, म्हणून शेवटची झटापट साठून आलेली वाटते. अंगविक्षेपाचा विनोद मधेच कुठे आधी खर्च केला असता तर शेवटी एवढा जोर मिळाला नसता. पूर्वार्धात त्यांना बॅगेला वळसा घालू द्यायचा, स्पर्श करू द्यायचा नाही, हा संयम पटकथेतच लिहून ठेवावा लागतो. नाहीतर तालमीत कुणीतरी हमखास तिच्यावर बसतं.

कागद आणि आठवडा

अशा भागाची संहिता कागदावर कशी दिसते? अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वगळल्या की साधारण बावीस मिनिटं उरतात. प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या मालिकेत संवाद दुहेरी अंतर सोडून टाइप करतात, त्यामुळे पानं पंचेचाळीसच्या आसपास भरतात. सुरुवातीला छोटा प्रसंग, मग दोन अंक, शेवटी मिनिटभराचं शेपूट. हशालाही वेळ लागतो, म्हणून वाचनात बरोबर बावीस मिनिटं भरणारी संहिता चित्रीकरणात लांबते. मौनावर चालणाऱ्या भागात हे आणखी जपावं, कारण नुसत्या बघण्यावर येणारा हशा कागदावर अर्धी ओळ असतो आणि घड्याळात बारा सेकंद.

आठवड्याचा क्रम बहुतेक ठिकाणी असा: पहिल्या दिवशी टेबलाभोवती वाचन, त्या रात्री फेरलेखन. मग उभ्याने तालीम आणि लेखकांसमोर सादरीकरण, पुढे वाहिनीच्या माणसांसमोर. त्यानंतर कॅमेऱ्यांच्या जागा, आणि शेवटच्या दिवशी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण, जे तीन-चार तास चालतं. बॅगेसारख्या भागाची गंमत अशी की पहिल्या वाचनाला तो हमखास पडल्यासारखा वाटतो. टेबलावर बॅग नाही, जिना नाही, कुणी वळसा घालत नाही. तिथे घाबरून संवादात विनोद कोंबले की उभ्या तालमीत ते अडथळा करतात आणि पुन्हा काढावे लागतात. वाचनानंतर फक्त दोन गोष्टी तपासाव्यात: प्रत्येक प्रसंगात बॅग न उचलण्याचं नवं कारण आहे का, आणि दोघांपैकी कुणाची बाजू सलग दोन प्रसंग वरचढ झाली का. विनोदांची भर तिसऱ्या दिवसानंतर घालता येते.

शेजारचे दोन भाग

याच मालिकेत आधी, चौथ्या सीझनमध्ये, एका डबा उघडण्याच्या उपकरणावरून झालेलं भांडण आहे. तिथे दोघांनी सांगितलेल्या हकिकती वेगवेगळ्या निघतात आणि तोच प्रसंग आपण दोनदा, दोन तऱ्हांनी पाहतो. वस्तू तितकीच क्षुल्लक, पण रचना उलटी. तिथे भांडण आधीच झालेलं आहे आणि प्रश्न 'नक्की काय झालं' हा आहे. इथे भांडण अजून व्हायचंच आहे. सहाव्या सीझनमधला मारीच्या शिल्पाचा भाग तिसऱ्या जातीचा: वस्तूकडे सगळ्यांचं लक्ष आहे, तिचा आकार काय सुचवतो हे सगळ्यांना कळलंय, फक्त घडवणारीला कळलेलं नाही. तिथेही मौन आहे, पण ते लाजेचं, म्हणून ते मोडायला एक धीट पात्र पुरतं. हट्टाचं मौन तसं बाहेरून मोडत नाही.

तिन्ही भागांत वस्तू काढून टाकली तर गोष्ट उरत नाही. 'नवरा-बायकोत घरकामावरून ताण' असा विषय घेऊन बसलं की पात्रं भाषणं करू लागतात. आधी वस्तू धरली की विषय आपोआप येतो.

कुठे हात पोळतात

या साच्यावर लिहिलेल्या नव्या संहिता ज्या ठिकाणी पडतात ती ठिकाणं फार वेगवेगळी नसतात. सर्वांत जास्त वेळा घडतं ते मुलांच्या बाबतीत. घरात मुलं आहेत म्हणून लेखक त्यांना वस्तूबद्दल निरागस प्रश्न विचारायला लावतो, 'आई, ही बॅग इथे का आहे?' आणि अबोला फुकट जातो. मुलांना त्या प्रसंगात ठेवूच नये. दुसरं, वस्तूला गुपित जोडण्याचा मोह: बॅगेत जुनं पत्र सापडतं, संशय येतो. त्या क्षणी प्रेक्षक हट्ट विसरतो आणि पत्राच्या मागे लागतो. तिसरं म्हणजे समजावणाऱ्या पात्राचं शहाणपण जड होणं. मारीच्या सल्ल्यात चीज आहे म्हणून तो पचतो. त्या जागी संसाराबद्दल सुविचार टाकला की स्टुडिओ गप्प होतो.

घर खरं दिसणं हाही तांत्रिकच मुद्दा आहे, सजावटीचा नाही. रोझेन्थाल या मालिकेची रशियन आवृत्ती उभी करायला मॉस्कोला गेले होते, आणि त्या अनुभवावर त्यांनी २०१० साली माहितीपट केला. त्यात वेशभूषेवरून वाद होतो. तिथल्या वेशभूषाकार बाईंना घरकाम करतानाही नायिका झकपक कपड्यांत हवी असते. हा आग्रह मानला तर बॅगेसारखी गोष्ट जागीच मरते. पार्टीच्या कपड्यांतली बाई जिन्यावरच्या बॅगेला वळसा घालून जाते तेव्हा ती ऐट वाटते. मळके कपडे हातात घेऊन, दमलेली, तीच बाई तसाच वळसा घालते तेव्हा तो हट्ट वाटतो आणि हशा तिथे येतो. हिंदीत २०१५ साली 'सुमित संभाल लेगा' या नावाने हीच मालिका आली. तिथे वेगळी अडचण होती. लिनब्रुकमध्ये आईवडील न विचारता घरात शिरतात हाच विनोद. भारतीय घरात तसं कुणाला काही वाटत नाही, त्यामुळे प्रत्येक शिरकावाला जास्तीचं कारण लिहावं लागतं. नवरा-बायकोच्या हट्टाला मात्र कुठल्याही देशात जास्तीचं कारण लागत नाही.

शेवटची तपासणी सातत्य बघणाऱ्याकडे, म्हणजे एका दृश्यातल्या वस्तू नि कपडे दुसऱ्याशी जुळतात ना हे पाहणाऱ्याकडे. पुढच्या भागाच्या पहिल्या शॉटआधी जिना रिकामा आहे ना, हे बघायचं. बॅग कुणी नेली, कधी नेली, याचा एका शब्दानेही उल्लेख पुढच्या संहितेत ठेवू नये. ठेवलात तर प्रेक्षक विचारतील की मग कपड्यांचा वास गेला का, आणि त्या प्रश्नासाठी कुणाकडेही पानं नसतात.